सगळीकडे सात मिलिमीटर

“मग तुम्हीच दाखवा चाचा, ह्यात पातळ कुठे आहे?”

ऋजुता पोवारने लॅपटॉप वाळूच्या पेटीवर ठेवला आणि स्क्रीन दस्तगीर चाचांकडे फिरवली. स्क्रीनवर पाण्याच्या पंपाचं कवच होतं. गोगलगाईसारखं गरगरीत आणि हिरवंगार. भिंत पुरेशी जाड असेल तिथे कॉम्प्युटर हिरवा रंग देतो, पातळ असेल तिथे लाल. ऋजुताच्या कवचावर लाल ठिपकासुद्धा नव्हता. कुठेही मोजा, सात मिलिमीटर.

चाचांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून ते दोन महिन्यांनी शिरोलीच्या ह्या फाउंड्रीत आजच परतले होते. नव्या डोळ्यांना जे दिसेल ते सध्या त्यांना छानच वाटत होतं.

“लई देखणं हाय,” ते म्हणाले.

ऋजुताला कौतुक नको होतं, सही हवी होती. तिने काढलेल्या ह्या नव्या कवचाचे तीन नग ओतून झाले होते आणि पाण्याच्या दाबाला तिन्ही वरच्या अंगाने गळले होते. साहेबांनी विचारलं, चूक कुणाची? ऋजुताने तासाभरात अहवाल टाइप करून आणला. भिंतीची जाडी तपासली, बरोबर आहे. दोष साचा भरणाऱ्या तानाजी खवरेचा. चाचा साचेवाल्यांतले सगळ्यात जुने. त्यांनी खाली सही केली की तानाजी साच्यावरून उठून घासकामाला जाणार होता. बारा वर्षं साचे भरलेल्या माणसाला ते घरी बसवल्यासारखंच होतं.

तानाजी पलीकडे पाठ करून वाळू चाळत होता. कान मात्र इकडेच होते.

चाचांनी अहवाल वाचला, घडी घातली आणि मांडीखाली ठेवून दिला.

“गळलेला नग कापून बघितलास?”

बघितला होता. ती काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. वरची भिंत चार मिलिमीटर निघाली होती आणि खालची दहा. ह्याहून वेगळा पुरावा तो काय हवा?

“चार आणि धा किती?”

“चौदा.”

“आणि तुझे सात नि सात?”

“...चौदा.”

“म्हंजे लोखंड कुणी खाल्लं न्हाई.”

तानाजी तिकडे खुदकन हसला. ऋजुताची कानशिलं तापली. ती म्हणाली, मी तरी दुसरं काय सांगतेय? कवच आतून पोकळ राहावं म्हणून साच्याच्या मधोमध वाळूचा घट्ट गड्डा बसवतात, तो कोअर. कोअर आणि साचा ह्यांच्यात जी फट राहते तिच्यात लोखंड ओततात आणि तीच फट पुढे भिंत होते. तानाजीने कोअर वर सरकवून बसवला, वरची फट कमी झाली, भिंत पातळ झाली. सरळ आहे.

चाचांनी वाद घातला नाही. शाडूचा गोळा तिच्या हातात दिला आणि बोराएवढ्या गोळ्या वळायला सांगितलं.

सांगलीच्या कॉलेजात पहिली आलेली ऋजुता वाळूत मांडी घालून गोळ्या वळायला बसली. मनातून चांगलीच चरफडत होती. तानाजीने भरून ठेवलेल्या साच्यातल्या कोअरवर चाचांनी त्या गोळ्या खाली-वर ठिकठिकाणी चिकटवल्या. तानाजीने साच्याची वरची पेटी बसवली आणि लगेच उचलली. गोळ्या दबून चपट्या झाल्या होत्या. फट जेवढी, तेवढीच त्यांची जाडी.

ऋजुताने एकेक गोळी सोडवून मोजली. वर सात. खाली सात. पोटाला सात. तिने सगळ्या पुन्हा एकदा मोजल्या. तानाजीचा साचा तिच्या कॉम्प्युटरइतकाच अचूक होता, आणि ही गोष्ट तिला मुळीच आवडली नाही.

“तुझं बी बरोबर, त्येचं बी बरोबर,” चाचा म्हणाले. “मग गळतंय कशानं?”

चाचांनी पाण्याची बादली ओढली. वाळू ठोकायचा लाकडी ठोकळा तिच्यात टाकला आणि ऋजुताला सांगितलं, एका बोटानं हा बुडवून धर. तिने बाही सरसावून धरला.

“पाणी म्हंजे लोखंडाचा रस समज आणि ठोकळा म्हंजे कोअर,” चाचा म्हणाले. “आता बोट काढ.”

तिने बोट काढलं. ठोकळा उसळून वर आला आणि तिच्या चष्म्यावर पाणी उडालं.

“लोखंड आत शिरलं की कोअर वर उठाय बघतोय. कुणीबी बसवला तरी. हे बोट तुझ्या चित्रात कुठं हाय?”

ऋजुताने चष्मा पुसला. पुसून झाला तरी पुसतच राहिली.

कारण ते बोट कुठे गेलं हे तिला पक्कं आठवलं होतं. जुन्या कवचाला माथ्यावर एक भोक होतं. कोअरचा खुंट त्या भोकातून वर येऊन वरच्या पेटीला टेकायचा, म्हणून कोअर जागचा हलायचा नाही. ओतून झालं की भोकाला बूच मारायचे. पण भोकाच्या कडेला भिंत निमुळती होती आणि कॉम्प्युटर तिथे हटकून लाल कडं दाखवायचा. सगळ्या हिरव्या चित्रात तेवढंच लाल. नाहीतरी बूचच मारायचं, तर भोक हवं कशाला, असं म्हणून तिने ते काढून टाकलं होतं. चित्र सगळं हिरवं झालं त्या दिवशी तिने स्क्रीनचा फोटो आईलासुद्धा पाठवला होता.

“लाल दिसत होतं,” ती हळूच म्हणाली. “म्हणून काढलं.”

चाचा पोट धरून हसले. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. डोळे चोळायचे नाहीत असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून तानाजीने धावत येऊन त्यांचे दोन्ही हात धरले. ते बघून ऋजुतालाही हसू आवरेना, आणि त्याच हसण्यात तिला फार लाजही वाटली.

तिने चाचांच्या मांडीखालचा कागद ओढून काढला आणि फाडला. मग तानाजीला चार माणसांसमोर म्हणाली, “तानाजीदादा, माझं चुकलं.” तानाजीने वाळूचे हात पँटला पुसले. पुढे काय बोलावं ते न सुचून त्याने तिच्यासाठी चहा मागवला.

शनिवारी चौथा नग ओतला, तो माथ्यावर भोक ठेवून. निवल्यावर बूच मारलं, पाण्याचा दाब दिला. काटा चढला आणि तिथेच थांबला. दहा मिनिटं झाली तरी थेंब नाही. तानाजीने कवचावरून कोरडा फडका फिरवून सगळ्यांना दाखवला. कुणी मागितलं नव्हतं, तरी आणखी एकदा फिरवला.

ऋजुता लॅपटॉप आणि चित्राचा छापील कागद घेऊन चाचांकडे आली. हिरव्या कवचाच्या माथ्यावर लाल कडं परत आलं होतं. हे लाल आता आपण कधीच काढणार नाही, ते का आहे हे आपल्याला पुरतं उमगलंय, असं तिने चाचांना सांगितलं. सांगताना आवाजात थोडी ऐट पुन्हा आलीच होती.

“आता चित्र पक्कं झालं ना, चाचा? करता सही?”

चाचांनी पेन घेतलं. स्क्रीनवरचं लाल कडं सोडून बाकीच्या हिरव्यावरून बोट फिरवलं.

मग पेनाला टोपण लावून ते तिच्या हातात परत दिलं.

“लाल कळलं न्हवं? पर गळलं हुतं ते हिरव्यात. आता हिरवं तपास.”