जाळं असलेला पाचू

सात हिरव्या डोंगरांच्या कुशीत एक इवलंसं गाव होतं. तिथल्या ओढ्यातही लाल, निळे, पिवळे खडे लुकलुकायचे. त्या गावात येसू आणि तिची आई राहायच्या. आई मोत्यांच्या माळा ओवायची. पण तिच्या डोळ्यांवर पडदा आला, सुई दिसेना, आणि चूल एकवेळच पेटू लागली.

वैद्यबुवा म्हणाले, "अस्सल पाचूचं अंजन घातलं तर दिसेल. काचेचं घातलं तर डोळे कायमचे जातील. हिरवा दोरा बांधलेलाच खडा आण."

दोरा बांधायचे पारखी माणकोजी. खऱ्याला हिरवा, खोट्याला काळा. एका धन्याने एक खडा एकदाच दाखवायचा, धनी बदलला तरच तो पुन्हा पाहायचा, अशी तिथली रीत.

येसूच्या बाबांनी मागे ठेवलेला हरभऱ्याएवढा पाचू घरात होता. पण त्याच्या आत शेवाळासारखं बारीक जाळं होतं. 'असला मळका खडा कोण खरा म्हणेल?' असं मनात म्हणत येसू सकाळी निघाली.

वाटेवर करवंदीच्या जाळीत काहीतरी झगमगलं. चिमुकली परी! तिचा मोरपंखी पंख काट्यांत अडकला होता.

"अगं हळू! पंख आहे तो, फाटकं पोलकं नव्हे!"

येसूने एकेक काटा दूर केला. बोटं रक्ताळली, पण पंखाला चरा पडला नाही.

"गुणाची गं बाई!" परी हसली. "दोन इच्छा माग. पहिली तुझ्या वस्तूसाठी, दुसरी परक्याच्या वस्तूसाठी. पण खोटंखोटं परकं केलेलं मला चालत नाही हं."

"माझ्या पाचूतलं जाळं जाऊ दे," येसू म्हणाली. पाचू दवबिंदूसारखा निर्मळ झाला.

माणकोजींनी तो भिंगाखाली धरला, उन्हात फिरवला.

"किती नितळ! पोरी, भुईच्या पोटात वाढलेल्या पाचूत जाळं असतंच. एवढा नितळ पाचू मी जन्मात पाहिला नाही. काच आहे ही." आणि त्यांनी काळा दोरा बांधला.

जी खरेपणाची खूण होती, तीच येसूने पुसून टाकली होती.

माणकोजींच्या ओट्याखाली परगावची एक कुंभारीण रडत बसली होती. तिच्याही खड्याला काळा दोरा लागला होता. "लेकीला दिसेनासं झालंय गं माझ्या," ती म्हणाली.

'हा घ्या, पण नंतर परत द्या,' असं येसूच्या ओठांवर आलं. मग पाचू परत आला असता, आईला दिसलं असतं. पण ते खोटंखोटं देणं झालं असतं. तिने ओठ चावला.

"काकू, हा माझा खडा घ्या. आता तो तुमचा."

"काळ्या दोऱ्याचा? मला काय करायचाय?"

"तुम्ही दाखवून तर बघा." आणि ती हळूच पुटपुटली, "काकूंच्या पाचूतलं जाळं परत येऊ दे."

माणकोजी भिंगातून बघतच राहिले. "अस्सल! हे बघा जाळं!" त्यांनी काळा दोरा सोडला आणि हिरवा बांधला. कुंभारीण वैद्यबुवांकडे बसवलेल्या लेकीकडे धावली. येसू रिकाम्या हाताने घरी आली आणि आईला काही न सांगता भाकरी थापू लागली.

सांजवेळी दार वाजलं. घर विचारत आलेली कुंभारीण लहानशी डबी घेऊन उभी होती.

"मोहरीएवढं लागलं गं लेकीला. तिने मला बघितलं आणि 'आये, किती वाळलीस!' म्हणाली. खलात बरंच उरलंय. तुझ्या घरी कुणाला लागतं का?"

येसूने आईचा हात डबीवर ठेवला.

अंजन घातलं. आईने पापण्या उघडल्या, मिचकावल्या, पुन्हा उघडल्या.

"येसू, खिडकीत ते काय गं लखलखतंय?"

खिडकीत परी उभी होती. तिने इवलासा हात हलवला, आणि मोरपंखी, सोनेरी उजेड घरभर सांडून ती त्यातच विरघळून गेली.