काचेच्या हातांची कासारीण

एकदा काय झालं, एका कासारणीची बोटं काचेची व्हायला लागली.

आधी पांघरूण नीट घ्या. हं. तर या कासारणीचं नाव गोजरा. नदीकाठच्या एका गावात राहायची आणि आसपासच्या सात गावांत बांगड्या भरत हिंडायची. बरोबर धाकटी बहीण चिमा. दोघींची कामं ठरलेली. चिमा बाईचा हात हातात घ्यायची, पंजा दाबून दाबून मऊ करायची आणि तोंडानं काहीतरी गंमत सांगत राहायची. बाई हसली की हात सैल पडतो, बरं का. तेवढ्यात गोजरा बांगडी सरकवायची.

मग एका आषाढात चिमाला ताप आला, आणि चिमा गेली.

गोजरा रडली नाही. चौदाव्या दिवशी तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि निघाली. आता हात दाबायचा तिनंच, बांगडी भरायची तिनंच. गमती तेवढ्या तिला सांगता येत नव्हत्या.

मग एके दिवशी सकाळी तोंड धुताना तिच्या करंगळीला पाणी लागलंच नाही. म्हणजे पाणी पडलं, पण गार की कोमट, काही कळेना. बघते तर करंगळीचं टोक काचेचं. त्याच्यातून खालचा तांब्या दिसत होता.

तिनं हात पदराखाली घेतला. ‘होईल आपोआप बरं,’ म्हणाली. कोणाला सांगितलं नाही. गुडघा फुटला की तुम्हीही असंच करता, मला माहीत आहे.

आता, कासाराच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही एक गोष्ट ठाऊक असते. थंड काच एकदम उबेला नेली की तडकते. म्हणून थंडीत बांगड्यांची टोपली चुलीपाशी ठेवत नाहीत. गोजरानं तेच स्वतःला लावलं. तिनं चूल पेटवायचं सोडलं. शिळी भाकरी पाण्यात कुस्करून खायची, तीही अर्धी. उन्हात बसेना. कोणी मायेनं जवळ आलं की ही मागे सरायची. तिला वाटायचं, मी तडकेन. आणि जितकी ती उबेपासून लांब जायची, तितकी काच वर चढायची. पाचही बोटं झाली, मग दुसऱ्या हाताची. काच काळजाला पोचली की आपण संपलो, हे तिला कळत होतं. पण सांगवत नव्हतं.

बांगड्या भरतानाही ती हात पदराआड ठेवायची, म्हणून लोकांना ते दिसत नव्हते. तोंड मात्र दिसत होतं.

मग शेजारची ठकूमावशी म्हणाली, “रिकामं बसलं की माणूस आठवणी काढतो. चार गावं जास्तीची कर.” गोजरानं सातांची अकरा गावं केली. काच मनगटाला आली.

मग देवळापाशी बसणारे आप्पा म्हणाले, “दृष्ट लागलीय. हा काळा दोरा बांध.” तिनं कोपराच्या खाली दोरा बांधला. काच दोऱ्याखालून पुढे गेली. दोरा काचेतून पलीकडूनही दिसायला लागला, एवढाच काय तो फरक.

मग लांबच्या गावाहून तिचा भाऊ आला. म्हणाला, “अक्का, माणसं सगळ्यांचीच जातात. आई गेली तेव्हा तूच मला सावरलंस. आता तूच अशी बसलीस तर मी कोणाकडे बघू?” तो वाईट नव्हता. घाबरला होता बिचारा. पण तो परत गेला त्या दिवशी काच खांद्याला टेकली.

मग कार्तिक आला. गुरवाची सून आवडी, तिला सातवा महिना. तिला हिरवा चुडा भरायला गोजराला बोलावलं. गोजरा लांब बाह्यांची चोळी घालून, बोटं आखडून बसली. पहिलीच बांगडी हातात घेतली तर ‘किण्ण’ वाजलं.

आवडी म्हणाली, “काकू, माझ्या हातात अजून एकही बांगडी नाही. मग ही वाजली कशावर?”

“टोपलीवर वाजली असेल.”

“टोपली बांबूची आहे, काकू.”

गोजरा उठायला लागली. आवडीनं तिचा हात धरला नाही. नुसतं पदराचं टोक धरलं आणि विचारलं, “कधीपासून?”

बरं का, इतक्या दिवसांत सगळ्यांनी तिला काही ना काही सांगितलं होतं. विचारलं कोणीच नव्हतं.

गोजरा खाली बसली. “आषाढापासून,” म्हणाली. आणि तिनं बाही वर केली.

आवडीनं बघितलं. ती ओरडली नाही की अरे देवा म्हणाली नाही. तिनं बाही हळूच खाली ओढली. मग म्हणाली, “मला यातलं काही कळत नाही. पण नदीपलीकडे म्हाळसा वैदीण आहे. ती मनाची दुखणी बघते. माझ्या सासूबाई दोन वर्षं जात होत्या तिच्याकडे.”

“तुझी सासू? ती तर अख्ख्या गावाला धाकात ठेवते.”

“हो ना. बरं वाटायला लागल्यापासून ठेवतात.”

गोजराला हसू आलं नाही, पण ओठ जरासे हलले. मग म्हणाली, “मला काय वेड लागलंय, तिच्याकडे जायला?”

“वेड नाही लागलं. हात काचेचे झालेत. उद्या सकाळची नाव आहे, मी येते बरोबर.”

“अगं, तू अशी अवघडलेली.”

“माझ्या पोटात बाळ आहे, काकू. नावेत त्याला वेगळी जागा लागत नाही.”

मग दुसऱ्या दिवशी दोघी पलीकडे गेल्या. म्हाळसा वैदीण ओसरीवर मुळ्या निवडत बसली होती. तिनं आवडीला आत ताक प्यायला पाठवलं आणि गोजराला समोर चटईवर बसवलं. हात बघायच्या आधी तिनं तीन प्रश्न विचारले.

“झोप लागते का?”

“नाही.”

“जेवण जातं का?”

“नाही.”

“सकाळ झाली की उठावंसं वाटतं का?”

गोजरानं हात पदराखाली ओढले. मग म्हणाली, “सकाळ होऊच नये असं वाटतं.”

“हे सांगितलंस ते फार चांगलं केलंस,” वैदीण म्हणाली. “माणूस गेलं की मन दुखणारच. पण पंधरा दिवस, महिना झाला तरी झोप नाही, अन्न नाही, आणि सकाळ नकोशी होते, तेव्हा एकटीनं थांबायचं नसतं. तू पाच महिने थांबलीस.”

“मला ऊब देऊ नका,” गोजरा म्हणाली. “मी तडकेन. काच आहे ही.”

“कासारणीला मी काच काय शिकवणार? पण एकदम शेकलं तर तडकते ना? हळूहळू शेकलं तर?”

गोजराला उत्तर माहीत होतं. ते ती स्वतःला सांगायलाच विसरली होती.

मग वैदिणीनं आपला हात चटईवर ठेवला, गोजराच्या हातापासून वीतभर लांब. “आज एवढंच. आता दर सोमवारी ये,” म्हणाली. आणि कडू काढ्याची पुडी दिली. “बोलण्यानं निम्मं जाईल. निम्म्याला हा काढा. खोकल्याला घेतेस तसाच घे.”

पुढच्या सोमवारी वैदिणीचा हात चार बोटांवर आला. गोजरा चिमाबद्दल बोलली. चिमा कशी खोटंखोटं भांडायची, कशी गुळाचा खडा पळवायची, असं सगळं. तिसऱ्या सोमवारी हाताला हात लागला, अगदी अलगद. तेव्हा गोजरा आतलं बोलली. “चिमा गेली त्या दिवशी मी बाजाराला गेले. लवकर येते म्हणाले होते. उशिरा आले.”

वैदीण ‘जाऊ दे’ म्हणाली नाही. “मग?” एवढंच म्हणाली. आणि गोजरा सांगत राहिली. ऊन अंगणातून ओसरीवर येईपर्यंत सांगत राहिली, आणि आषाढापासूनचं सगळं रडू तेव्हा आलं.

मग मधेच ती थांबली. “काहीतरी टोचलं,” म्हणाली.

चटईची काडी होती. बोट अजून काचेचंच होतं, पण टोचलेलं त्याला कळलं होतं. गोजरा त्या बोटाकडे बघत राहिली.

एका दिवसात सगळं बरं झालं, असं मी सांगणार नाही. एखाद्या आठवड्यात काच पुन्हा बोटभर वर चढायची. कधी काढा घ्यायचा कंटाळा यायचा. तरी ती जात राहिली. पौषात खांदे सुटले, माघात कोपर, आणि चैत्रात दोन्ही हात तिचे तिला परत मिळाले. डाव्या करंगळीचं टोक तेवढं काचेचं राहिलं. ते गार पडायला लागलं की गोजरा थांबत नाही. सकाळच्या नावेत जाऊन बसते. नावाडी विचारतो, “कुठे निघालीस, अक्का?” ती म्हणते, “वैदिणीकडे. मन दुखतंय.” नावाडी म्हणतो, “बस नीट.” आणि नाव सोडतो.

तर अशी ही गोजरा पुढे पुष्कळ वर्षं सुखानं राहिली. आता डोळे मिटा. कोणाच्या मनात काही दुखत असेल तर मला हलवून उठवा. झोपमोड केली म्हणून मी रागावणार नाही. मला त्यातलं कळलं तर बरंच, आणि नाही कळलं, तर ज्याला कळतं त्याच्याकडे आपण दोघं मिळून जाऊ.