पिसवांचं औषध

एका गावात एक फार टापटिपीची बाई राहत होती. पाहुण्याने चप्पल वाकडी काढली, तर बोलता बोलता ती सरळ करून ठेवी. तिला एक मुलगी होती आणि मुलीची एक मांजर होती, कवडी नावाची.

एकदा कवडीच्या अंगावर पिसवा झाल्या. तिथून त्या गोधड्यांत शिरल्या. नेमके परवा मुलीला बघायला पाहुणे येणार होते.

"पाहुणे बैठकीवर बसून पाय खाजवायला लागले, तर मी तोंड कुठे लपवू?" आई म्हणाली.

"मी कवडीला रोज बारीक फणीने विंचरते. गोधड्या उकळत्या पाण्यातून काढू," मुलगी म्हणाली. "आठ-दहा दिवसांत जातील."

"आठ-दहा दिवस आहेत कुठे?"

आई तडक बाजारात गेली. तिथे एकजण ढेकणांचं, झुरळांचं, पिसवांचं औषध विकत असे. विष म्हटलं की लोक दचकतात, म्हणून त्या गावात त्यालाही औषधच म्हणत.

"आमच्याकडे मांजर आहे. ती अंग चाटते," आई म्हणाली. "चालेल ना?"

विकणारा जरा घुटमळला. त्याच्या घरीही मांजर होती आणि ही पुडी त्याने कधी उंबऱ्याच्या आत नेली नव्हती.

"औषधच आहे ते, बाई," तो म्हणाला. आईला हेच ऐकायचं होतं. तिने पुढे काही विचारलं नाही.

घरी येऊन तिने गोधड्यांवर पूड भुरभुरली. मुलगी पाणी भरायला गेली होती, तेवढ्यात थोडी कवडीच्या पाठीवरही चोळली. कवडी खिडकीत जाऊन बसली आणि तिने शेपटीपर्यंत सगळं अंग चाटून स्वच्छ केलं. टापटीप तिलाही आवडायची.

सकाळी कवडी थरथरत होती, तोंडाला फेस आला होता. दुपारी ती मुलीच्या मांडीवर मेली. मुलीने परसात खड्डा खणला. आई म्हणाली, "लवकर आटप, उद्या पाहुणे यायचेत."

पाहुणे आले. कुणीही पाय खाजवले नाहीत. मुलाची आई म्हणाली, "घर कसं लख्ख आहे. पण मांजर होती ना तुमच्याकडे? आमच्या घरीही दोन आहेत."

"गेली हो बिचारी," आई म्हणाली. "औषध केलं, पण गुण आला नाही."

मुलीने पोह्यांचं ताट खाली ठेवलं. "गुण आला ना, आई. एकही पिसू उरली नाही."

लग्न जमलं. मुलगी सासरी गेली. पहिल्या बाळंतपणाला मुली माहेरी येतात, ही आली नाही. आईने बाळगुटी उगाळायचं सगळं सामान निवडून, पुसून, फडक्यात बांधून पाठवलं. ते गाठोडं गाठ न सोडताच परत आलं.

तात्पर्य: ज्याला खरं ऐकायचंच नसतं, त्याला हवं ते सांगणारा बाजारात लगेच भेटतो, जीव मात्र घरातल्या मुक्याचा जातो.