अर्धं केळं

"प्रसादानं कधी कुणाचं वाईट झालंय का, बुवा?"

मुकुंदराव परुळेकरांनी विचारलं आणि उजवा हात पुढे केला.

अच्युतबुवा मठाच्या ओसरीवर बसले होते. हातात परसातलं, नुकतंच सोललेलं केळं. येणाऱ्याला अर्धं द्यायचं आणि उरलेलं स्वतः खायचं, ही त्यांची जुनी रीत.

मुकुंदराव पहिल्यांदा आले ते ऐन तरुणपणी, आईचं दिवसकार्य आटोपून. घास घशाखाली उतरत नव्हता. बुवांच्या हातचं अर्धं केळं तेवढं उतरलं. काय दिवस होते ते!

"देऊ नका हो," पायरीवरून त्यांच्या पत्नी विमलाबाई म्हणाल्या. "यांची मूत्रपिंडं थकलीत. पोटॅशियम अंगात साचतं. मागच्या उत्सवात प्रसाद म्हणून केळी खाल्ली, वर शहाळं प्यायले. हृदयाचे ठोके बिघडले, दवाखान्यात न्यावं लागलं. पुन्हा असं झालं तर हाती लागायचे नाहीत, म्हणाले डॉक्टर."

"हिचा विश्वास डॉक्टरांवर. माझा तुमच्यावर."

मुकुंदरावांच्या भक्तीला थोडा ताठा होताच.

बुवा हसले. "मला तर डॉक्टर रोज केळं खा म्हणतात. सूज उतरायची गोळी घेतो ना, तिच्यानं पोटॅशियम वाहून जातं. कमी पडलं की पायांत गोळे येतात."

"बघा! तुम्हाला जे औषध, तेच मला विष?"

बुवांनी केळं मोडलं. एक अर्धं खाल्लं. दुसऱ्याकडे पाहत राहिले...

मग तेही तोंडात टाकलं.

असं कधीच झालं नव्हतं. विमलाबाईसुद्धा चपापल्या. मुकुंदरावांचा हात तसाच पुढे राहिला.

"बुवा... माझा वाटा? इतक्या वर्षांचं आपलं... संपलं?"

बुवांनी सावकाश घास गिळला. धोतराला बोटं पुसली. आपला रिकामा हात मुकुंदरावांच्या तळव्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

"घे," ते म्हणाले. "आजवर तुला अर्धंच देत होतो."