पेढ्यासकट फोटो

दूध संघाचे चेअरमन दौलतराव घोरपडे यांना कुणी शंका काढलेली खपत नसे. नव्या सर्व्हरच्या उद्घाटनाला त्यांनी फर्मान सोडलं, "रोजचा स्नॅपशॉट थेट डिस्कचा घ्यायचा. फाइल सिस्टिमला विचारत बसायचं नाही."

स्नॅपशॉट म्हणजे साठवलेल्या माहितीचा त्या क्षणाचा फोटो; फाइल सिस्टिम म्हणजे डिस्कवर कुठली नोंद कुठे आहे, याचा हिशोब ठेवणारी यंत्रणा.

"साहेब, दुधाच्या नोंदी सतत चालू असतात. एखादी अर्धवट लिहिलेली फोटोत तशीच अडकेल," संगणक विभागाच्या मृदुला खोपडे म्हणाल्या.

"सगळं येतंय ना? मग झालं तर."

नारळ फुटला. सचिवांनी साहेबांना पेढा भरवला आणि तेवढ्यात मृदुलाबाईंनी मोबाइलवर फोटो काढून त्यांच्यापुढे धरला. गाल फुगलेला, डोळे अर्धे मिटलेले, अर्धा पेढा ओठांबाहेर.

"अहो, सांगून तरी काढायचा," साहेब पेढा सांभाळत गुरगुरले.

"थेट डिस्कचा असाच निघतो, साहेब. त्याला पेढा कुठला नि ओठ कुठला, कळत नाही. फाइल सिस्टिम आधी घास गिळू देते. उद्या सर्व्हर बंद पडला, तर अशाच फोटोवरून सगळं पुन्हा उभं करायचंय."

दौलतरावांनी फोटोतल्या स्वतःकडे नीट पाहिलं. पेढा गिळला, ओठ पुसले, फेटा सारखा केला.

"फाइल सिस्टिमला विचारूनच घ्या," ते म्हणाले. "आणि माझाही पुन्हा घ्या."