शंभर दाणे, शंभर सह्या

जिल्ह्याच्या शेतीविकासाचा आराखडा घेऊन मोठे साहेब चिंचोर्डीत आले. नव्या सोयाबीनची एक पिशवी त्यांनी आठवड्यापूर्वीच नमुना म्हणून पाठवली होती. आज सभेत फर्मान सुटलं, “सगळ्या गावानं हेच बियाणं पेरायचं. शंभर घरांच्या शंभर सह्या आत्ताच्या आत्ता हव्यात. बियाण्यातलं तुम्हाला काय कळतं?”

अनसूयाबाई ढोकणे उठल्या. पेरणीआधी घरोघरी करतात तसे त्यांनी त्या पिशवीतले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले होते. ते गोणपाट त्यांनी साहेबांच्या आराखड्यावरच उलगडलं. कोंब फुटले होते अवघ्या अकरा दाण्यांना.

“घ्या साहेब, अकरा सह्या.”

साहेब कडाडले, “आणि बाकीच्या एकोणनव्वद?”

“त्या उगवल्या की पाठवून देऊ.”