दोन जीबी

"...मग आणखी किती मेमरी द्यायची, सर?"

ओजस दारातूनच बोलत आत आला. तांबोळी सर कॉलेजच्या सर्व्हर रूमबाहेरच्या कॉम्प्युटरपाशी शेंगा सोलत बसले होते.

"आत्ता किती आहे?"

"आठ जीबी. आधी चार होती. तरी खोटे अर्ज भरून चाचणी घेतली की संध्याकाळपर्यंत सर्व्हर पडतोच. मर्यादा ओलांडली की यंत्रणाच त्याला बंद करते."

"मग तू काय करतोस?"

"दर तासाला मीच त्याला बंद करून पुन्हा चालू करतो. पडायच्या आतच!"

"हुशार आहेस."

"थट्टा नको, सर. उद्या अकराला वसतिगृहाचे अर्ज सुरू होतात. पाड्यांवरच्या पोरी रेंजसाठी टेकडीवर चढून बसतील. ऐन वेळी सर्व्हर पडला तर कुणाचं तरी शिक्षण सुटेल. मला सोळा जीबी मिळवून द्या. बस्स."

सरांनी हात झटकले. कीबोर्ड ओढला. मेमरीच्या मर्यादेत आठाच्या जागी दोन लिहिलं. ओजसची ती दर तासाची चालू-बंदही काढून टाकली.

"सर! आता तर तो लगेच मरेल!"

"मरू दे. तुझ्या डोळ्यांसमोर मरू दे."

ओजस चडफडत सर्व्हरवर खोटे अर्ज सोडत राहिला. स्क्रीनवरची मेमरीची रेघ चढत गेली... चढत गेली...

सर्व्हर पडला.

"पोटात काय होतं त्याच्या?"

ओजसने पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"अर्जासोबतचे फोटो. ज्यांचे अर्ज भरून झाले, त्यांचेसुद्धा."

"ते डिस्कवर नाहीत?"

"आहेत की."

"मग मेमरीत कुणी धरून ठेवले?"

"मीच... पुन्हा लागले तर पटकन देता यावेत म्हणून."

"लागले कधी?"

ओजस कामाला बसला. अर्ज जमा झाला की फोटो मेमरीतून जाऊ लागला. खोटे अर्ज पुन्हा धावले. रेघ थोडी चढली आणि आडवी झाली. दुपार कलली, तरी आडवीच.

"दोन जीबीत, सर! फक्त दोन! एकदाही पडला नाही!" ओजस खुर्चीतून उठलाच. "उद्याची काळजी मिटली. निघू मी?"

सरांनी उरलेल्या शेंगा त्याच्यापुढे सरकवल्या.

"बस. आता पाड त्याला. उद्या पडलाच, तर टेकडीवरच्या पोरीचा अर्धा भरलेला अर्ज वाचतो का, ते आजच बघू."